लग्नाचे फोटो आणि करिझ्मा अल्बम: चार लॅपटॉपपैकी कोणता घ्यावा? (सांगली, बजेट १ लाख १० हजार)

फोकस_विश्रामबाग

नमस्कार मंडळी. लग्नाच्या कामासाठी लॅपटॉप घ्यायचाय. बजेट ओढूनताणून एक लाख दहा हजार. काम असं: दोन कॅमेरा बॉडी, एक २४ मेगापिक्सलची, एक ३३ ची, सगळं शूट रॉमध्ये (कॅमेऱ्याची मूळ फाइल). हळदीपासून वरातीपर्यंत एका लग्नाच्या साडेतीन-चार हजार फ्रेम. निवड आणि कलर लाइटरूम क्लासिकमध्ये, पुढं फोटोशॉपमध्ये अल्बमच्या १२ बाय ३६ इंची शीट. व्हिडिओ माझ्याकडं नाही. सध्याच्या मशीनला ८ जीबी रॅम आहे, एआय डीनॉइज (फोटोतले दाणे घालवणं) लावलं की दुसरं काही करता येत नाही.

दुकानात हे चार दाखवलेत:

अ) आय५-१३४२०एच, रॅम ८+८ जीबी, आरटीएक्स ३०५० (६ जीबी), एसएसडी ५१२ जीबी, १५.६ इंची फुल एचडी, १४४ हर्ट्झ. ७२ हजार.
ब) कोअर अल्ट्रा ५ १२५एच, रॅम १६ जीबी, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, एसएसडी १ टीबी, १४ इंची २.८के ओलेड. ८४ हजार.
क) आय७-१३६५०एचएक्स, रॅम १६ जीबी, आरटीएक्स ४०६० (८ जीबी), एसएसडी ५१२ जीबी, १६ इंची, १६५ हर्ट्झ. १ लाख ८ हजार.
ड) मॅकबुक एअर एम४, १६ जीबी, २५६ जीबी. ९५ हजार.

दुकानदार म्हणतो 'अ' घ्या, फोटोशॉपला एवढं रग्गड झालं. नक्की काय बघू, प्रोसेसर, ग्राफिक्स की रॅम? आणि १४४, १६५ हर्ट्झचा फोटोला काही फायदा आहे का?


कलर_प्रोफाइल

हर्ट्झचा (स्क्रीन सेकंदाला किती वेळा बदलते तो आकडा) फोटोला काडीचा उपयोग नाही, तो गेमवाल्यांचा. तुमच्या यादीत जे लिहिलेलंच नाही ते आधी विचारा: पॅनेल किती रंग दाखवतं?

सत्तर हजारांच्या आसपासच्या बऱ्याच गेमिंग लॅपटॉपना ४५ टक्के एनटीएससीचं (रंगपट्टा मोजायचं जुनं टीव्हीचं माप) पॅनेल असतं. म्हणजे एसआरजीबीचे (स्क्रीनचा नेहमीचा प्रमाण रंगपट्टा) जेमतेम ६०-६५ टक्के रंग. ७२ टक्के एनटीएससी लिहिलं असेल तर ते साधारण १०० टक्के एसआरजीबी धरा. दोन्ही पॅनेल 'आयपीएस, फुल एचडी, अँटीग्लेअर' याच नावानं विकली जातात, त्यामुळं जाहिरातीतून काही कळत नाही. आणि एकाच मॉडेलमध्ये दोन्ही प्रकार येतात, मॉडेल क्रमांकाच्या शेवटच्या चार-पाच अक्षरांत तो फरक असतो.

यानं नुकसान कसं होतं ते बघा. हळदीचा फोटो घ्या. ओल्या हळदीच्या पिवळ्यात लाल चॅनेल २५५ ला टेकलेला असतो, हिरवा २०० च्या आसपास आणि निळा शून्याजवळ. गालावरच्या हळदीचा जाडपणा, बोटांचे ओघळ, सुकल्यावर पडलेल्या बारीक भेगा, हे सगळं त्या हिरव्या-निळ्यातल्या थोड्याशा फरकावर दिसतं. अरुंद पॅनेल हा पिवळा फिकट दाखवतं, मग हात आपोआप सॅच्युरेशनवर जातो. प्लस १५, प्लस २०. निळा चॅनेल शून्यावर आपटतो आणि लॅबमधून शीट येते तेव्हा नवरीच्या गालावर ऑइलपेंटचा सपाट पट्टा. लाल शालूचंही तेच. तो स्क्रीनवर नारिंगीकडं झुकलेला दिसतो म्हणून तुम्ही टिंट फिरवता आणि कागदावर तो राणी कलरकडं जातो. सांगलीत राहून हळदीचा रंग चुकवला तर गिऱ्हाईक सोडणार नाही.

'ब' चं ओलेड रंगाच्या बाबतीत चौघांत भारी, पण त्याचे त्रास वेगळे. त्याचा रंगपट्टा पी३, म्हणजे एसआरजीबीपेक्षा रुंद. लाइटरूम आणि फोटोशॉप कलर प्रोफाइल वाचतात म्हणून तिथं रंग बरोबर दिसतो. विंडोजचे बरेचसे साधे प्रोग्रॅम प्रोफाइल वाचत नाहीत, तिथं तोच फोटो भडक. मग 'एक्सपोर्ट केल्यावर रंग बदलला' अशी ओरड सुरू. कंपनीच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये एसआरजीबी मोड असतो, तो लावून ठेवायचा. बहुतेक ओलेड काचेरी असतात, दर्शनी काचेच्या दुकानात ट्यूबलाइट पाठीमागं असेल तर काळ्या सुटात स्वतःचाच चेहरा दिसतो. आणि ३६ इंची शीटला १४ इंच म्हणजे सतत झूम आत, झूम बाहेर.


अल्बमवाला_मिरज

स्क्रीनबद्दल वरच्यांशी सहमत. मी फक्त रॅमचा हिशोब मांडतो, कारण अल्बममध्ये घोडं तिथंच अडतं.

१२ बाय ३६ इंच, ३०० डीपीआय म्हणजे ३६०० गुणिले १०८०० पिक्सल. जवळजवळ ३ कोटी ८९ लाख. ८ बिटमध्ये पिक्सलला ३ बाइट, म्हणजे एकच सपाट लेयर ११७ एमबी. १६ बिटमध्ये काम करत असाल तर २३३. त्यावर टेक्स्चर, आठ-दहा फोटो, प्रत्येकाला मास्क, सावल्या, वर नावांचा कॅलिग्राफीचा लेयर. फोटो स्मार्ट ऑब्जेक्ट करून टाकले तर मूळ फाइल आत तशीच राहते, म्हणजे वजन अजून वाढलं. एक शीट मेमरीत एक-दीड जीबी सहज घेते. चार शीट उघड्या ठेवून एकीवरून दुसरीवर फोटो ओढायची सवय सगळ्यांनाच असते.

आता १६ जीबीत बसवा: विंडोज आणि ब्राउझर ४-५ जीबी, मागं लाइटरूम उघडा असेल तर त्याचे ५-६. फोटोशॉपला उरतं काय? मग ते स्क्रॅच डिस्कवर (रॅम संपली की वापरायची डिस्कवरची जागा) लिहायला लागतं, ब्रश अडखळतो आणि लोक म्हणतात प्रोसेसर स्लो आहे. प्रोसेसर बिचारा रिकामा बसलेला असतो. टास्क मॅनेजर उघडून बघा, सीपीयू १५ टक्के आणि मेमरी ९५.

त्यामुळं ३२ जीबी पाहिजेच, आज नाही तर सहा महिन्यांनी. इथं 'ब' आणि 'ड' बाद होतात. दोन्हींची रॅम बोर्डावरच असते, नंतर वाढत नाही. 'ब' मध्ये वेगळं कार्ड नसल्यानं ग्राफिक्सही त्याच १६ मधून वाटा घेतं.

तोवर ८ जीबीवर काम चालवायचं असेल तर एवढं करा. फोटोशॉपच्या प्रेफरन्सेसमध्ये परफॉर्मन्सला हिस्टरी स्टेट्स (मागं जायच्या पायऱ्या) ५० वरून २० करा, मेमरी ७५ टक्क्यांच्या आसपास ठेवा (९० केली तर विंडोजच गुदमरतं), स्क्रॅच डिस्क ज्या एसएसडीवर जागा आहे त्यावर टाका. शीट पूर्ण झाली की ग्रुप मर्ज करून वेगळी प्रत ठेवा. पीएसडी २ जीबीच्या वर जात नाही, तिथं 'सेव्ह होत नाही' म्हणून घाबरू नका, पीएसबी (मोठ्या फाइलचा प्रकार) निवडा.


डेस्कटॉप_झिंदाबाद

एक लाखात लॅपटॉप?? याच पैशात असेंबल केलेलं मशीन दीडपट काम करेल, गरम होणार नाही, पाच वर्षांनी नुसतं कार्ड बदला. लॅपटॉपच्या कार्डावर नाव ४०६० असलं तरी ते डेस्कटॉपच्या ४०६० इतकं चालत नाही.


फोकस_विश्रामबाग

डेस्कटॉपचं पटतंय, पण रिसेप्शनला हॉलवरच सकाळचे फोटो एडिट करून एलईडी वॉलवर लावायची मागणी असते, लॅपटॉपशिवाय इलाज नाही.

अल्बमवाले दादा, 'अ' मध्ये ८+८ आहे, 'क' मध्ये १६ आहे एवढंच लिहिलंय. दोन्ही वाढतात ना? आणि डीनॉइजला ३०५० आणि ४०६० मध्ये जाणवण्याइतका फरक आहे की नुसता नावाचा?


शंभरफुटी_रिपेअर

दोन्ही वाढतात, पण खर्च वेगवेगळा. 'अ' ला दोनच स्लॉट आणि दोन्ही भरलेले. ३२ करायला दोन्ही ८ च्या पट्ट्या काढून १६ च्या दोन विकत घ्यायच्या, जुन्या कवडीमोल जातात. 'क' मध्ये १६ ची एकच पट्टी असेल तर दुसरा स्लॉट मोकळा, नुसती एक आणून बसवली की झालं. मात्र तोवर ते सिंगल चॅनेलवर चालणार, म्हणजे रॅमचा वेग निम्मा. म्हणून घेतानाच दुसरी पट्टी टाकून घ्या. एक उलटी गंमतही सांगतो: इंटेल प्रोसेसरमधल्या आयरिस एक्सई ग्राफिक्सवाल्या लॅपटॉपमध्ये एकच पट्टी असेल तर विंडोज त्याला आयरिस एक्सई म्हणतच नाही, साधं यूएचडी दाखवतं. लोकांना वाटतं फसवलं, म्हणून भांडायला येतात. दुसरी पट्टी घातली की नाव परत येतं.

आता डीनॉइज. हे काम जवळजवळ सगळं ग्राफिक्स कार्डावर चालतं, त्यातही आरटीएक्समध्ये जे टेन्सर कोअर (एआयचा हिशोब करणारे भाग) असतात त्यांच्यावर. जीटीएक्स १६५० ला ते नाहीत, म्हणून नावानं गेमिंग असूनही तिथं ते रखडतं. लॅपटॉपच्या ४०६० वर २४ मेगापिक्सलची एक रॉ दहा-पंधरा सेकंदांच्या घरात होते. ३०५० ला दुप्पट किंवा जास्त धरा. प्रोसेसरमधल्या जुन्या ग्राफिक्सवर एका फोटोला मिनिटं लागतात. आता गुणाकार करा. मंडपातले आणि वरातीतले जास्त आयएसओचे ३०० फोटो. १२ सेकंदांनी ३६०० सेकंद, म्हणजे एक तास. ३० सेकंदांनी अडीच तास. ४ मिनिटांनी २० तास. ३०५० वाल्यानं ते रात्री लावून झोपायचं, काय बिघडत नाही. पण हॉलवर त्याच दिवशी द्यायचे असतील तर ४०६० चे पैसे तिथं वसूल होतात.

अडोबीनं एआयच्या कामाला ८ जीबी ग्राफिक्स मेमरी सुचवली आहे. ६ वर चालतं, फक्त डीनॉइज चालू असताना फोटोशॉप आणि बाहेरचा मॉनिटर दोन्ही ओढू नका.

बाकी कामाची वाटणी साधारण अशी. डेव्हलपमधले स्लायडर, सब्जेक्ट-स्काय मास्क, एक्सपोर्ट यांना कार्डाची मदत होते. इंपोर्टनंतर प्रीव्ह्यू बनवणं आणि फोटोशॉपचे बरेचसे फिल्टर मुख्यतः प्रोसेसरवर. तिथं १३४२०एच मध्ये चार मोठे, चार छोटे कोअर. १३६५०एचएक्स मध्ये सहा मोठे, आठ छोटे. चार हजार फ्रेमचे वन-टू-वन प्रीव्ह्यू करताना हा फरक स्वच्छ दिसतो. एकेका फोटोवर काम करताना फारसा नाही.

आणि एक आकडा दुकानदार कधी सांगत नाही: कार्डाला किती वॉट मिळतात. तेच ४०६० एका लॅपटॉपमध्ये ६० वॉटवर अडवलेलं असतं, दुसऱ्यात १०० च्या वर. नाव एक, काम वेगळं. बारीक आणि हलक्या लॅपटॉपमध्ये हा घोटाळा जास्त. बॅटरीवर तर सगळीच कार्डं गळपटतात, म्हणून हॉलवर अडॅप्टरसाठी प्लग आधी हेरून ठेवा.


कलर_प्रोफाइल

थोडा विरोध नोंदवतो. 'क' घेतला तर पैसे संपले. त्याचं पॅनेल ४५ टक्केवालं निघालं तर डीनॉइज एका तासात होईल आणि चुकीचा रंग वेगानं छापून येईल. त्यापेक्षा 'अ' घ्या आणि उरलेल्या ३८ हजारांत २४ किंवा २७ इंची आयपीएस मॉनिटर, १०० टक्के एसआरजीबीचा, प्लस १६ च्या दोन पट्ट्या. मॉनिटर पुढच्या दोन लॅपटॉपना पुरतो. हॉलवर घाईत रंग करायचाच नसतो, प्रीसेट टाकून मोकळं व्हायचं.


शंभरफुटी_रिपेअर

'क' चं पॅनेल १०० टक्के एसआरजीबी नसेल तर तुमचं म्हणणं बिनशर्त मान्य, 'अ' आणि मॉनिटर. पण १६ इंचीत, त्या किमतीला, १०० टक्के एसआरजीबीवाली पॅनेल बऱ्यापैकी मिळतात. असेल तर 'क' मध्ये स्क्रीन, ८ जीबी कार्ड आणि रिकामा स्लॉट तिन्ही एका जागी. मॉनिटर दिवाळीनंतर घेता येईल, कार्ड नंतर घेता येत नाही.

'क' ची वाईट बाजू: एचएक्स प्रोसेसर तापतो. सांगलीत एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो, पंखा विमानासारखा वाजणार. मागची बाजू बोटभर उचलून ठेवा, गादीवर ठेवून एक्सपोर्ट लावू नका, वर्षातून एकदा पंखा उघडून साफ करून घ्या. धूळ जाळीत नमद्यासारखी बसते, नुसती बाहेरून फुंकर मारून निघत नाही.


कडेगाव_क्लिक

मॅकवर कुणी बोलेना म्हणून. एअरची स्क्रीन चांगली, बॅटरी तर बाकी तिघांपेक्षा जास्त, आणि तो बॅटरीवरही तेवढ्याच वेगानं चालतो, हे हॉलच्या कामाला सोयीचं आहे. पण पंखा नाही. शंभर फोटोंचं एक्सपोर्ट झटक्यात, हजाराचं लावलं की तापल्यावर वेग उतरतो. २५६ जीबीत एक मोठं लग्नसुद्धा नीट मावत नाही. शिवाय अल्बमवर मराठी नावं, लग्नपत्रिका, फ्लेक्स अशी कामं श्रीलिपीवर (मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर) करत असाल तर तुमच्याकडची आवृत्ती आणि तिचा डाँगल विंडोजचा आहे, तो मॅकला तसाच चालेल असं गृहीत धरू नका. अल्बमचे तयार प्लगइनही बहुतेक विंडोजचे. यांच्या कामाला 'ड' नको.

फोटोशॉपमध्ये युनिकोड मराठी टाइप करताना जोडाक्षरं फुटत असतील तर टाइपच्या सेटिंगमध्ये वर्ल्ड-रेडी लेआउट लावा. विषयाला सोडून आहे, पण विचारणारे फार असतात.


अल्बमवाला_मिरज

५१२ जीबीवरही बोला. विंडोज ते ४७६ दाखवतं. विंडोज, अडोबी, फॉन्ट, कॅश यांचे शंभर-सव्वाशे गेले. एसएसडी ८५ टक्क्यांच्या वर भरली की लिहिण्याचा वेग पडतो, म्हणजे हातात अडीचशे-पावणेतीनशे. चार हजार रॉ सरासरी ३० एमबीनं १२० जीबी. सीझनला दोन लग्नं झाली की फुल्ल.

दुसरा एम.२ स्लॉट आहे का ते विचारा आणि त्यात १ टीबी टाका. स्लॉट २२८० लांबीचा की २२४२, हेही बघा, नाहीतर आणलेली एसएसडी बसत नाही. जेन ३ की जेन ४ यावर पैसे उधळू नका, लाइटरूमला तो फरक कळत नाही. स्वस्त क्यूएलसी (एका पेशीत चार बिट कोंबणारी) एसएसडी मात्र टाळा. पहिले काही जीबी धडाधड कॉपी होतात, आतली कॅश भरली की वेग साध्या हार्डडिस्कइतका खाली येतो. कॅमेऱ्याचं १२८ जीबीचं कार्ड ओततानाच ते नेमकं जाणवतं.

लाइटरूमचा कॅटलॉग आणि प्रीव्ह्यू लॅपटॉपच्या एसएसडीवरच ठेवा. रॉ बाहेरच्या एसएसडीवर असल्या तरी चालतं. स्मार्ट प्रीव्ह्यू बनवून ठेवले (फोटोच्या छोट्या प्रती, लांब बाजू अडीच हजार पिक्सलच्या आसपास) तर बाहेरची ड्राइव्ह न जोडताही कलर करता येतो. कॅमेरा रॉ कॅश ५ जीबी असते, ती २०-३० करा.

कार्ड रीडरही बघून घ्या. बऱ्याच गेमिंग लॅपटॉपना तो नसतोच, असलाच तर यूएचएस-१, सेकंदाला ९० एमबीच्या आसपास. ६४ जीबीचं कार्ड रिकामं व्हायला बारा मिनिटं. कार्डाच्या पाठीला पिनांची दुसरी ओळ असेल तर ते यूएचएस-२, त्याला यूएसबीचा वेगळा यूएचएस-२ रीडर घ्या.


आयर्विन_४५

बॅकअपला सांगलीचा एक नियम जोडा. दोन हार्डडिस्क घेतल्या आणि दोन्ही दुकानाच्या तळमजल्यावरच्या कपाटात ठेवल्या तर तो एकच बॅकअप. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पेठेत पाणी कुठवर होतं ते सगळ्यांना माहीत आहे. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पाणी ४० फूट म्हणजे इशारा, ४५ फूट म्हणजे धोका. ४० ची बातमी आल्यावर लोक माल हलवतात, हार्डडिस्क आठवतच नाही. एक प्रत दुकानात, एक घरी वरच्या मजल्यावर. तिसरी म्हणून निवडलेले फोटो मोठ्या जेपेगमध्ये क्लाउडला. ५०० जेपेग १० एमबीनं ५ जीबी होतात, ते रात्रीत चढतात. रॉ चढवायच्या भानगडीत पडू नका.


फोकस_विश्रामबाग

लई उपयोग झाला. 'क' कडं कल आहे, पण पॅनेल बघूनच. उद्या दुकानात जाऊन काय काय उघडून बघू? दुकानदाराला विचारलं तर तो 'एचडी आहे साहेब' एवढंच सांगतो.


शंभरफुटी_रिपेअर

दुकानदाराला विचारूच नका, मशीनला विचारा. डब्यावरचा पूर्ण मॉडेल क्रमांक लिहून घ्या, मधल्या अक्षरांसकट. कंपनीच्या साइटवर त्या क्रमांकाची स्पेसिफिकेशन शीट उघडा आणि डिस्प्लेच्या ओळीत '१०० टक्के एसआरजीबी' की '४५ टक्के एनटीएससी' ते वाचा. काहीच लिहिलेलं नसेल तर ४५ समजा. पेन ड्राइव्हवर एचडब्ल्यूइन्फो घेऊन जा, त्यात मॉनिटरच्या खाली पॅनेलचा नंबर येतो, तो नेटवर शोधला की रंगपट्टा कळतो.

कंट्रोल+शिफ्ट+एस्केप दाबून टास्क मॅनेजर, परफॉर्मन्स, मेमरी. तिथं 'स्लॉट्स यूज्ड' १ ऑफ २ आहे का बघा. 'फॉर्म फॅक्टर' ला सोडिम असेल तर पट्टी निघते, 'रो ऑफ चिप्स' असेल तर बोर्डावर डागलेली आहे. एन्व्हिडिया कंट्रोल पॅनेलच्या सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये 'मॅक्सिमम ग्राफिक्स पॉवर' वाचा. ४०६० ला ते १०० वॉटच्या खाली असेल तर दुसरं मॉडेल मागा. क्रिस्टलडिस्कइन्फोत एसएसडीचे चालू तास बघा. सीलबंद म्हणून दिलेल्याला शे-दोनशे तास दिसले तर तो डेमोचा पीस.

वॉरंटी ऑनसाइट आहे का आणि तुमच्या पिनकोडला लागू होते का, हे बिलाआधी कंपनीच्या टोल फ्री नंबरवर विचारा. नाहीतर भर सीझनला मशीन घेऊन कोल्हापूरच्या खेपा.


कलर_प्रोफाइल

यासोबत पेन ड्राइव्हवर तुमचेच तीन फोटो न्या: एक हळदीचा, एक लाल शालूचा, एक काळ्या सुटातला नवरदेव. तेच तीन फोटो ज्यांची लॅबची प्रिंट हातात आहे असे निवडा आणि प्रिंट स्क्रीनशेजारी धरा. बघायच्या आधी नाइट लाइट बंद, ऑटो ब्राइटनेस बंद, इंटेलच्या ग्राफिक्स सेटिंगमधलं डिस्प्ले पॉवर सेव्हिंग बंद. ते शेवटचं बॅटरीवर गुपचूप कॉन्ट्रास्ट बदलतं. मग पूर्ण काळी आणि पूर्ण करडी इमेज लावा, कडेनं उजेड गळतो का, मेलेले पिक्सल आहेत का ते दिसेल.

घरी आणल्यावर कॅलिब्रेशन (स्क्रीनचे रंग यंत्रानं मोजून बरोबर करणं): डी६५ (पांढऱ्याची प्रमाण छटा), गॅमा २.२, ब्राइटनेस १०० ते १२० कँडेला. स्क्रीन अर्धा तास चालू ठेवून मगच मोजायचं. मोजायचं यंत्र, स्पायडर किंवा कॅलिब्राइटचं, चार स्टुडिओंनी मिळून एक घेतलं तरी पुरतं, महिन्यातून एकदाच लागतं. बऱ्याच अल्बमची तक्रार 'प्रिंट काळी आली' अशी असते आणि तिचं कारण एवढंच की स्क्रीन पूर्ण उजेडावर ठेवून एडिट केलेलं असतं.

लॅबला जेपेग एसआरजीबीतच द्या. अडोबी आरजीबीत दिली आणि लॅबच्या मशीननं प्रोफाइल वाचलं नाही तर सगळं मरगळलेलं येतं. लॅब आयसीसी प्रोफाइल (तिच्या मशीन-कागदाच्या रंगांची फाइल) देत असेल तर मागून घ्या, फोटोशॉपच्या व्ह्यू मेनूत प्रूफ सेटअपला कस्टममध्ये ते लावा. मग कंट्रोल+वाय दाबलं की कागदावर कसं येईल ते दिसतं, कंट्रोल+शिफ्ट+वाय दाबलं की न छापता येणारा रंग करडा होतो. हळदीचे फोटो शीटवर घेण्याआधी एवढी एक कळ दाबून बघत जा.


फोकस_विश्रामबाग

दुसरी पट्टी दुकानातच बसवून घेऊ की नंतर? आणि बिल जीएसटीचं घेण्यात फायदा आहे का?


शंभरफुटी_रिपेअर

दुकानातच, बिलावर चढवून, म्हणजे उघडल्याचं निमित्त करून पुढं कुणी वॉरंटी नाकारणार नाही. पट्टी त्याच वेगाची आणि १६ चीच घ्या, कमी वेगाची घातली तर दोन्ही कमी वेगानं चालतात. डीडीआर५ बसवल्यावर पहिल्यांदा चालू करताना स्क्रीन मिनिट-दोन मिनिटं काळी राहते, मशीन रॅम तपासून जुळवून घेत असतं. तेवढ्यात बटण दाबून बंद करू नका.

तुमचा जीएसटी नंबर असेल आणि कंपोझिशन स्कीममध्ये (ठोक कराची योजना) नसाल तर नंबर घालूनच बिल घ्या. लॅपटॉपला १८ टक्के आहे. १ लाख ८ हजारांत तो साधारण साडेसोळा हजार बसतो आणि क्रेडिट मिळतं. तेवढ्यात पट्टी आणि १ टीबी एसएसडीच्या पैशांना चांगला हातभार लागतो. रॅमचे भाव सारखे वरखाली होतात, तेव्हा पट्टीचा भाव त्या दिवशीचा विचारून घ्या.